जुनी फटफटी घेताना

तात्या आमच्या रात्रीच्या वर्गाला येतात. त्यांचे घर फलटण तालुक्यात. दोन एकर रान आणि चार म्हशी. सकाळचे दूध ते सायकलला कॅन अडकवून डेअरीला घालीत. जाऊन येऊन पंधरा किलोमीटर. वय पन्नाशीच्या पुढे गेले, गुडघे कुरकुरू लागले. शेवटी घरात ठरले, की एक जुनी फटफटी घ्यायची. एक गाभण पारडी विकली. तिचे चाळीस हजार आले. त्यातले पस्तीस हजार गाडीसाठी बाजूला काढले.

पण तात्यांना झोप लागेना. त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती. बाजारात भेटलेल्या माणसाला अठरा हजार मोजले आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवला. कागदावर काय लिहिले होते ते तात्यांना ठाऊक नव्हते. आठ महिन्यांनी दोन माणसे आली. गाडीवर कर्ज थकले आहे म्हणाली, आणि गाडी घेऊन गेली. पैसे गेले, गाडीही गेली. तात्या वर्गाला येऊ लागले, त्याचे एक कारण हे.

म्हणून या वेळी ते आम्हाला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही संगं चला. वाचायचं मी वाचतो. पण संगं चला."

आम्ही गेलो. बरोबर तात्यांचा भाचा होता आणि गावातले मिस्त्री होते. मिस्त्री वीस वर्षे गॅरेज चालवतात. त्या दिवशी जे पाहिले, जे शिकलो, ते या धड्यात लिहिले आहे.

दोन गाड्या पाहायच्या होत्या. एक स्प्लेंडर प्लस, २०१५ सालची. मागणी छत्तीस हजारांची. दुसरी पॅशन प्रो, २०१६ सालची. मागणी तीस हजारांची. तात्यांचे मन स्प्लेंडरवर. "समदा गाव तीच वापरतो," हे त्यांचे म्हणणे. भाच्याचे मन पॅशनवर. ती दिसायला देखणी, पट्टे छान, चाके काळीभोर. दोघांचा वाद वाटभर चालला. मिस्त्री गप्प होते. फलटण आले तेव्हा ते म्हणाले, "तात्या, दोन्हीचं इंजिन एकच हाय."

दोघेही गप्प झाले.

आपणही इथे थोडे थांबू. ही गोष्ट नीट समजली, तर निम्मे काम झाले.

इंजिनाचे माप सीसीमध्ये सांगतात. इंजिनात एक नळकांडे असते. त्यात पिस्टन वरखाली होतो. एकदा खालून वर जाताना तो जेवढी जागा व्यापतो, तेवढे इंजिनाचे माप. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. एक हजार सीसी म्हणजे एक लिटर. शंभर सीसी म्हणजे चहाचा एक लहान पेला. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांचे इंजिन एवढेच, पेलाभर असते. तेवढ्यावर दोन माणसे आणि दुधाचे कॅन ओढले जातात.

हीरो होंडा कंपनीची सीडी १०० ही गाडी १९८५ मध्ये आली. तिचे इंजिन ९७.२ सीसीचे. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. तिचेही ९७.२ सीसीचे. २००१ मध्ये पॅशन आली. तिचेही तेच. पुढे एचएफ डिलक्स आली. तिचेही तेच. टाकी वेगळी, बैठक वेगळी, दिवा वेगळा, पट्टे वेगळे. आत मात्र एकाच घराण्याचे इंजिन. जसे एकाच गोठ्यातले खोंड. एकाच्या कपाळावर टिळा, दुसरा बांडा. ओढायला दोघे सारखेच.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण याच्या उलटही घडते. नाव तेच आणि आत इंजिन दुसरे. सुपर स्प्लेंडर हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते, की ही स्प्लेंडरच, थोडी सजवलेली. तसे नाही. सुपर स्प्लेंडरचे इंजिन १२५ सीसीच्या घरातले. स्प्लेंडर आयस्मार्ट ११० ही २०१६ मध्ये आली. तिचे इंजिन १०९ सीसीचे. पॅशन प्रोचेही तसेच. आधी ती ९७.२ सीसीची होती. २०१८ मध्ये त्याच नावाने ११० सीसीच्या घरातली गाडी आली. २०२० मध्ये पॅशन प्रो आली ती ११३ सीसीची. बजाजच्या प्लॅटिनातही हा घोळ आहे. प्लॅटिना १०० आणि प्लॅटिना ११० या दोन्ही प्लॅटिनाच, पण इंजिने वेगळी.

तुम्ही म्हणाल, असेना वेगळे. आपल्याला काय त्याचे?

सांगतो. समजा, गाडीचा पिस्टन गेला. तुम्ही तालुक्याला जाऊन 'पॅशनचा पिस्टन द्या' म्हणालात. दुकानदाराने ९७ सीसीचा दिला. गाडी निघाली ११३ सीसीची. हेलपाटा वाया गेला, दिवसाचे दूध घरी राहिले. दुसरे असे, की इंजिन मोठे तर साधारणपणे पेट्रोलही थोडे जास्त. रोज तीस किलोमीटर फिरणारा माणूस महिन्याला नऊशे किलोमीटर फिरतो. गाडी लिटरला साठ किलोमीटर देत असेल, तर पंधरा लिटर पेट्रोल लागते. पंचेचाळीस देत असेल, तर वीस लिटर. पाच लिटरचा फरक पडला. हिशेब सोपा जावा म्हणून लिटरला शंभर रुपये धरा. महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार. म्हणजे गाडी घेताना घासाघीस करून जे वाचवले, ते पंपावर परत जाते.

मग खरे माप कुठे कळते? टाकीवर नाही. बाजूच्या पत्र्यावरही नाही. तो पत्रा दुकानात विकत मिळतो. खरे माप आरसी बुकात लिहिलेले असते. हल्ली पुस्तक जाऊन कार्ड आले आहे, पण लोक त्याला आरसी बुकच म्हणतात. त्यावर गाडीचे नाव असते, कोणत्या महिन्यात आणि साली बनली ते असते, आणि सीसीचा आकडा असतो. आकडे इंग्रजी असतात. पण ते आता तुम्हाला येतात. एसटीच्या पाटीवर आणि मोबाईलवर तुम्ही ते रोज वाचता.

तात्यांनी दोन्ही कार्डे हातात घेतली. एक बोट आकड्यांवर फिरवले. "सत्त्याण्णव... हितं पण सत्त्याण्णव." मिस्त्रींनी मान हलवली.

इंजिन एक आहे हे कळल्यावर वादातला अर्धा दम गेला. आता उरला प्रश्न हा, की स्प्लेंडरला सहा हजार जास्त का? ती तर एक वर्षाने जुनी.

ते सहा हजार नावाचे. स्प्लेंडरला गिऱ्हाईक पटकन मिळते, म्हणून तिचा भाव टिकतो. तुम्ही दोन वर्षे वापरून गाडी विकणार असाल, तर नावाला दिलेले पैसे बरेचसे परत येतात. तेव्हा ते द्यायला हरकत नाही. पण गाडी मोडीत निघेपर्यंत वापरणार असाल, तर नावाचे पैसे कधीच परत येत नाहीत. तात्या दुसऱ्या जातीचे. त्यांच्या घरी पंचवीस वर्षांची सायकल आहे.

इंजिन सारखे असले तरी काही गोष्टींत या गाड्या वेगळ्या असतात, आणि त्या आपल्या कामाच्या असतात. पहिली गोष्ट चाके. तारांची चाके आणि ओतीव चाके, ज्यांना लोक मॅगव्हील म्हणतात. तारांचे चाक खड्ड्यात वाकले, तर तारा आवळून पुष्कळदा सरळ करता येते. ओतीव चाकाला तडा गेला, की ते बदलावेच लागते. पक्क्या रस्त्यावर ओतीव चाक चांगले, त्याची देखभाल कमी. आमचे मत विचाराल तर, ज्याची वाट दगडधोंड्यांची आणि मागे ओझे, त्याने तारांच्या चाकांना नाक मुरडू नये. तात्यांच्या वाटेवर मात्र आता डांबर आहे.

दुसरी गोष्ट सुरू करण्याची. काही गाड्यांना नुसती किक असते, काहींना किक आणि बटण दोन्ही. गुडघा दुखत असेल, तर बटण असलेली घ्यावी. पण बटण म्हणजे बॅटरी धड हवी.

तिसरी गोष्ट पेट्रोल इंजिनात कसे जाते याची. २०२० च्या एप्रिलपासून नवीन गाड्या बीएस-६ नियमाच्या झाल्या. या गाड्यांत पेट्रोल मोजून सोडायला विजेवर चालणारे यंत्र आहे. त्याआधीच्या बहुतेक लहान गाड्यांत साधा कार्ब्युरेटर होता. नवे यंत्र पेट्रोल जपून वापरते, धूर कमी करते. पण ते बिघडले, तर दोष शोधायला वेगळे उपकरण लागते, आणि ते प्रत्येक खेड्यातल्या गॅरेजात नसते. कार्ब्युरेटर मिस्त्री झाडाखाली बसून उघडतो आणि फुंकर मारून साफ करतो. जुनी गाडी घेताना आपल्या गावच्या मिस्त्रीला काय येते, हेही विचारात घ्यावे.

असो. आता गाड्यांकडे येऊ.

स्प्लेंडर एका गॅरेजच्या दारात उभी होती. नुकता रंग दिलेला. बैठकीला नवे कातडे. मालक म्हणाला, "एकहाती गाडी आहे. फक्त अठ्ठावीस हजार किलोमीटर चालली."

मिस्त्रींनी आधी इंजिनाजवळ हात नेला. इंजिन गरम होते. ते मालकाला काही बोलले नाहीत. आम्हाला हळूच म्हणाले, "आपण येणार म्हणून आधीच चालू करून ठेवलीय."

थंड इंजिन खरे बोलते, गरम इंजिन दोष झाकते. सकाळी पहिल्या किकला गाडी कशी सुरू होते, धूर कसा येतो, आवाज कसा येतो, हे थंड असतानाच कळते. गाडी गरम असेल तर चहा पिऊन यावे, बाजार करून यावे, आणि निवल्यावर परत बघावी. मालक घाई करू लागला, तर ती घाईही एक खूण समजावी.

मीटरवर अठ्ठावीस हजार होते. पण मीटर मागे फिरवता येते. तार तुटलेली राहिली, तर गाडी चालते आणि आकडा जागेवर राहतो. म्हणून आकड्यावर जाऊ नये. पाय जिथे ठेवतात तो रबर बघावा. ब्रेकचा पायदांडा बघावा. गिअरच्या दांड्याचे टोक, हाताच्या मुठी बघाव्यात. या स्प्लेंडरचा ब्रेकचा पायदांडा झिजून आरशासारखा झाला होता. अठ्ठावीस हजारांत तसा होत नाही. कार्ड पाहिले, तर मालकाचा अनुक्रम तीन. म्हणजे गाडी तीन हातांतून गेली होती. एकहाती कुठली?

तात्या म्हणाले, "बैलाचं दात बघावं तसं हाय की हे!"

मग मिस्त्रींनी एक परीक्षा केली. ती आम्हाला फार आवडली. तिला पैसा लागत नाही. गॅरेजसमोर रस्त्यावर पाणी ओतले. भाच्याला म्हणाले, "या ओल्यातनं सरळ हळूहळू चालवत ने. वळवू नको." भाच्याने गाडी नेली. कोरड्या रस्त्यावर ओल्या चाकांचे माग उमटले. गाडी सरळ असेल, तर मागचे चाक पुढच्याच्या मागावरून जाते आणि माग एकच दिसतो. इथे दोन दिसले. मागचा माग बोटभर बाजूला.

याचा अर्थ गाडीचा सांगाडा किंवा पुढचा फोर्क वाकलेला होता, नाहीतर मागचे चाक तिरके बसवलेले होते. मिस्त्रींनी मागच्या चाकाच्या आवळणीच्या खुणा तपासल्या. दोन्ही बाजूंना सारख्या होत्या. म्हणजे चाक नीट बसवलेले होते. मग राहिले वाकण्याचे कारण. गाडी कधीतरी जोरात आपटली असावी. नवा रंग कशासाठी, तेही मग ध्यानात आले. वाकलेली गाडी एका बाजूला ओढते, टायर लवकर खाते, आणि कॅन लादल्यावर वळणावर दगा देते. दुधाच्या एका लिटरचे वजन किलोपेक्षा थोडे जास्त भरते. तीस लिटर दूध म्हणजे एकतीस किलो, वर कॅनचे वजन. एवढे ओझे मागे घेऊन तिरकी गाडी चालवायची म्हणजे जिवाशी खेळ.

आम्ही मालकाला राम राम करून निघालो.

पॅशन एका शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थाच्या घरी होती. रंग जुनाच, टाकीवर एक पोचा. गाडी अंगणात ऊनसावलीत उभी. मिस्त्रींनी हात लावला. इंजिन थंड होते.

दुसऱ्या किकला सुरू झाली. सायलेन्सरच्या तोंडाशी मिस्त्रींनी पांढरा रुमाल धरला. निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑईल जाळते असे समजावे. मग रिंग-पिस्टनचा खर्च जवळ आला. काळा धूर येत असेल, तर पेट्रोल जास्त जाते. तो दोष बहुधा थोडक्यात निघतो. पॅशनचा रुमाल जवळजवळ कोरडा निघाला. इंजिन पाच-दहा मिनिटे चालू ठेवले. मोबाईलचा दिवा लावून टाकीत डोकावले. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी फार दिवस उभी राहिली, तर टाकीला आतून गंज धरतो. जुन्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी कडक होऊन चिरते. नळी चिरली होती. टाकी मात्र स्वच्छ होती.

पुढचे चाक उचलून हँडल दोन्हीकडे फिरवले. मध्ये अडकले नाही. मागचे चाक धरून आडवे हलवले. खुळखुळले नाही. पाण्यातून नेली. माग एक.

दोष नव्हते असे नाही. फोर्कवर ऑईल पाझरले होते. चेनच्या चाकाचे दात माशाच्या गळासारखे वाकले होते, म्हणजे चेनसेट संपला. मागचा टायर तुळतुळीत. मिस्त्रींनी तात्यांच्या वहीत अंदाज लिहायला सांगितला. टायर सोळाशे. चेनसेट हजार. फोर्कचे ऑईलसील चारशे. नळी आणि किरकोळ दोनशे. तात्यांनी बेरीज केली. तीन हजार दोनशे. बेरीज त्यांनी दोनदा केली आणि वही मालकापुढे ठेवली. नुसते 'कमी करा, कमी करा' म्हणण्यापेक्षा हे बरे. मालकाने वही वाचली. सौदा सत्तावीस हजारांवर आला.

पण खरी गाठ पुढेच होती.

तात्या कार्ड वाचायला बसले. आधी नंबर. चॅसिस नंबर म्हणजे सांगाड्याचा नंबर. त्यात अक्षरे आणि आकडे मिळून सतरा खुणा असतात. तो हँडलजवळच्या लोखंडावर ठोकलेला असतो. इंजिनाचा नंबर इंजिनाच्या अंगावर असतो. रॉकेलच्या फडक्याने चिखल पुसावा लागतो. इंग्रजी अक्षरे तात्यांना अजून येत नाहीत. पण त्यांनी युक्ती केली. गाडीवरचा नंबर वहीत जसाच्या तसा चित्रासारखा उतरवला. मग कार्डाशेजारी वही धरून एकेक खूण जुळवली. वेळ लागला. मालकाने तोवर चहा केला. सतराच्या सतरा जुळल्या. इंजिनाचाही जुळला. एखादी खूण जरी घासलेली, खरवडलेली, वेडीवाकडी ठोकलेली दिसली, तर ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नये. चोरीची निघाली, तर पोलीस तुमच्या दारी येतील.

वय जुळते का, तेही बघावे. खाजगी मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे चालवायची, तर तपासणी करून नोंदणी पुन्हा करावी लागते, आणि त्याचा खर्च होतो. म्हणून पंधरा वर्षांच्या काठावरची गाडी स्वस्त दिसते, पण तेवढी स्वस्त नसते. कागद आणि गाडी एका सालाची आहेत का, हे सांगणाऱ्या खुणाही आहेत. हीरो होंडाचे नाव २०११ मध्ये बदलले, म्हणून टाकीवर 'हीरो होंडा' असेल, तर गाडी साधारण तेव्हाची किंवा त्याआधीची. २०१७ च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळत राहतो, त्याला बंद करायचे बटण नसते.

तात्यांचे बोट कार्डावर खाली सरकत गेले आणि एका ओळीवर थांबले. "गुरुजी, हितं काय लिवलंय?"

तिथे एका बँकेचे नाव होते.

तात्यांचा चेहरा उतरला. "मागं हेच झालं हुतं," एवढेच म्हणाले.

मालक गडबडले. "तात्या, हप्ते कधीच फिटले. चार वर्षं झाली."

आम्हाला तो माणूस खोटा वाटला नाही. पण कार्डावर बँकेचे नाव आहे, तोवर गाडीवर बोजा आहे. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, तसाच. कर्ज फिटले तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणावा लागतो, तो आरटीओत द्यावा लागतो. मग बोजा उतरतो. हे काम विकणाऱ्याचे. घेणाऱ्याने 'नंतर बघू' म्हणून पुरे पैसे देऊ नयेत.

तात्यांनी पुरे पैसे दिले नाहीत. एक हजार इसार दिला. पावती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. ती अशी होती :

"गाडीचा सौदा रुपये २७,००० ला ठरला. आज इसार रुपये १,००० दिला. बँकेचा बोजा उतरल्यावर बाकी रुपये २६,००० द्यायचे व गाडी ताब्यात घ्यायची. एक महिन्यात बोजा उतरला नाही, तर इसार परत करायचा."

वर तारीख आणि गाडीचा नंबर. खाली दोघांच्या सह्या, आणि साक्षीदार म्हणून मिस्त्रींची. 'इसार'मधला 'इ' त्यांनी ऱ्हस्व काढला की दीर्घ, हे पाहण्याचा आम्हाला मोह झाला. पाहिले नाही.

तीन आठवड्यांनी मालकाचा फोन आला. बोजा उतरला होता. तात्यांनी नवे कार्ड बघितले. बँकेची ओळ नव्हती. मग बाकी पैसे दिले.

गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गावात त्यांना टीटी फॉर्म म्हणतात. बरेच विकणारे कोऱ्या फॉर्मवर सही करून देतात आणि मोकळे होतात. घेणारेही 'काय घाई आहे' म्हणून फॉर्म कपाटात ठेवतात. हे दोघांच्याही गळ्याशी येते. कायद्याप्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत. कागदावर ज्याचे नाव, तोच मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. गाडी विकली, पण नाव तसेच राहिले, आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते. म्हणून शिंपीकाकांचाही फायदा नाव लवकर बदलण्यातच होता. ताबा देताना त्यांनी तारीख आणि वेळही लिहून घेतली. त्या वेळेनंतर दंडाची पावती फाटली, तर ती तात्यांची. आधीचा दंड थकलेला आहे का, हे भाच्याने मोबाईलवर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून पाहिले. पाचशे रुपये निघाले. ते काकांनी भरले.

विम्याचे विसरू नये. विमा संपलेला असेल, तर गाडी रस्त्यावर आणण्याआधी उतरवावा. निदान दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा कायद्याने हवाच. चालू विमा असेल, तर तो चौदा दिवसांत आपल्या नावावर करून मागावा. धुराचा दाखला, म्हणजे पीयूसी, तोही बघावा. तात्यांच्या नशिबाने त्यांचे लायसन्स आधीचे होते आणि त्याची मुदत शिल्लक होती.

गाडी घरी आली तेव्हा मिस्त्रींनी आधी ऑईल बदलले. जुन्या मालकाने कधी बदलले, यावर विश्वास ठेवत बसू नये. मग नळी, चेनसेट आणि टायर. फोर्कचे काम पुढच्या आठवड्यात.

भाचा म्हणाला, "मामा, लिटरला किती देते?"

"कंपनी काय म्हणते ते मला नगं," तात्या म्हणाले. "मी मोजतो."

मोजायची रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरावी आणि मीटरचा आकडा लिहावा. काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवावी. मग पुन्हा काठोकाठ भरावी. दुसऱ्या वेळी जेवढे पेट्रोल बसले, तेवढे मधल्या दिवसांत जळले. दोन आकड्यांतला फरक काढून लिटरने भागावा.

तात्यांच्या वहीत असे लिहिले आहे :

४ तारीख. टाकी भरली. मीटर ४१,२१०.
११ तारीख. टाकी भरली. मीटर ४१,३२४. पेट्रोल २ लिटर.
फरक ११४. भागिले २. उत्तर ५७.

वही मिस्त्रींना दाखवली. ते म्हणाले, "टायरमधी हवा कमी हाय. भरून घ्या, साठाला जाईल."

तात्यांनी वही खिशात घातली. "पुढच्या भरण्याला बघू," म्हणाले, आणि कॅन अडकवू लागले.